कायोटसाठी कोणती रायफल? आधी जमीन मोजा

पत्र: काका, आम्ही मूळचे फलटणकडचे. ऑस्टिनला १४ वर्षं झाली, ग्रीन कार्ड दोन वर्षांपूर्वी आलं. गेल्या साली ब्लँको काउंटीत २४ एकर जमीन घेतली. तिथे ३१ शेळ्या आहेत. आम्ही शनिवार-रविवार जातो, एरवी शेजारी चारा-पाणी बघतो. या फेब्रुवारीत ६ करडं गेली. तिघांच्या गळ्यावर चावे होते, दोघांचे डोळे आणि जीभच नव्हती, एक सापडलंच नाही. रात्री कोल्ह्यांसारख्या इथल्या कायोटींचा कल्लोळ असतो, वीसेक तरी असतील. आता रायफल घ्यायचीच असं ठरवलंय. शेजारी म्हणतो .२२-२५० मापाच्या काडतुसाची घे. दुकानदार म्हणतो .३०८ घे, हरणालाही चालेल. ऑफिसातला मित्र एआर-१५ शिवाय दुसरं नाव काढत नाही. वडिलांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर होती, ती मी दोनदा चालवली आहे. अनुभव तेवढाच. मेहुणा एच-१बी वर आहे, तोही उत्साहात आहे. मुलगी ९ वर्षांची. कोणती घेऊ? – सु. पा.

प्रिय सु. पा.,

तीन जणांनी तुम्हाला तीन रायफली सांगितल्या आणि जमीन केवढी आहे हे एकानेही विचारलं नाही. मी तिथूनच सुरुवात करतो.

२४ एकर म्हणजे १ लाख १६ हजार चौरस यार्डांच्या आसपास. जमीन चौकोनी धरली तर एक बाजू ३४० यार्ड. शेळ्यांचा वाडा मधोमध असेल तर तिथून समोरचं कुंपण १७० यार्डांवर. तुमच्या शेजाऱ्याची .२२-२५० ही फार देखणी चीज आहे, नाही म्हणत नाही. ५५ ग्रेन वजनाची गोळी ती सेकंदाला ३,६०० फुटांहून अधिक वेगाने फेकते, आणि मोकळ्या माळावर ३०० यार्डांवरचा कायोट फारसा हिशोब न करता टिपता येतो. पण तुमच्याकडे तो माळ नाही. तिचा अर्धा गुण कुंपणापलीकडे जाणार, आणि कुंपणापलीकडे गोळी जाणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. शिकार करताना तुमची गोळी हद्द ओलांडून गेली आणि पलीकडच्या मालकाशी लेखी करार नसेल, तर जाब तुम्हाला द्यावा लागतो. शेजाऱ्याशी तुमचं चांगलं आहे असं दिसतं. तरी लेखी घ्या. चांगलं असतानाच लेखी घ्यायचं असतं.

तर माझं उत्तर: .२२३ रेमिंग्टन, बोल्ट अ‍ॅक्शन, वर ३ ते ९ पटीची साधी दुर्बीण.

(शहरातली माणसं ‘कायोटी’ म्हणतात, इकडचे जुने रँचवाले ‘कायोट’. मीही तीस वर्षांत कायोटवर आलो आहे.)

आता कारणं. कायोट दिसतो त्याहून लहान असतो. हिवाळी केसांमुळे आल्सेशियनएवढा वाटतो, पण टेक्ससमधला वजनाला २५ ते ४० पौंडच भरतो. पुढच्या पायामागे काळीज आणि फुप्फुसं जिथे असतात ती जागा पुरीएवढी. भाकरीएवढीसुद्धा नाही. त्या पुरीत गोळी पडली तर .२२३ पुरून उरते. पुरीबाहेर पडली तर .३०८ नेही जनावर जखमी होऊन झाडीत जाऊन मरतं, आणि ते पाप आपल्या माथी. ५५ ग्रेन म्हणजे साडेतीन ग्रॅम. सोनाराच्या हिशेबात २९ गुंजा. एवढ्याशा तुकड्याने काय होणार असं वाटतं खरं, पण तो सेकंदाला ३,२०० फुटांवर जातो.

दुकानदाराचं .३०८ मी समजू शकतो. हरणाचं गाजर दाखवलं की गिऱ्हाईक वर सरकतं. पण टेक्ससमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणाला कुठलंही सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठोका बसून पेटणारं) काडतूस कायद्याने चालतं, .२२३ सुद्धा. ते हरणाला चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. हरणाचा विचार खरोखर असेल तर .२४३ विंचेस्टर बघा. हलक्या गोळीने कायोट, जड गोळीने हरिण, आणि खांद्यालाही फार लागत नाही. .३०८ ची ताकद .२२३ च्या दुपटीहून जास्त, आणि त्यातला वाटा तुमच्या खांद्यालाही मिळतो. नवख्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान त्याच वाट्याने होतं.

मला विचारा. मी कुडाळचा. लहानपणी ठासणीची बंदूक बघितलेली, त्यामुळे आवाज आणि धूर म्हणजेच बंदूक असं डोक्यात बसलेलं. इकडे आल्यावर पहिली रायफल घेतली ती .३०० विंचेस्टर मॅग्नम. एका दुकानदाराने ‘एकदाच घ्या, सगळ्याला चालेल’ म्हणून गळ्यात मारली. पहिल्याच दिवशी २० काडतुसं उडवली आणि संध्याकाळी खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग. त्यानंतर दोन वर्षं चाप ओढायच्या आधी माझे डोळे आपोआप मिटायचे. बायको बाजूला उभी राहून सांगायची, ‘मिटले बघ परत.’ ती रायफल विकली, .२२३ घेतली, आणि डोळे उघडे ठेवायला शिकायला अजून एक उन्हाळा गेला. ती सवय मोडायला जो दारूगोळा लागला त्याच्या पैशात एक चांगला बोकड आला असता.

दुसरं कारण तुमच्या पायाखाली आहे. ब्लँको काउंटीत वीतभर मातीखाली चुनखडीचा दगड. जड, टणक गोळी जनावरातून आरपार जाऊन दगडावर आपटली तर ती कुठे वळेल हे देवालाच ठाऊक. कायोटसाठीच्या .२२३ च्या गोळ्या पातळ कवचाच्या, टोकाला प्लास्टिक असलेल्या मिळतात. त्या आत गेल्या की फुटतात आणि बऱ्याचदा पलीकडून बाहेरही पडत नाहीत. तरी ‘बऱ्याचदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. आणि नेम चुकलेली गोळी तर अख्खीच जाते. छोटी .२२ एलआर ‘निरुपद्रवी’ म्हणून कुणी सुचवली तर हात जोडा. कायोटला ती अपुरी, दगडावरून उसळण्यात पहिली, आणि मैलभराहून पुढे जाते.

एआर-१५, म्हणजे एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल, तिच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. तीही बहुतेक हीच गोळी उडवते, नेमही चांगला असतो, आणि पटपट निसटणाऱ्या दोन-तीन कायोटांसाठी अनुभवी माणसं तीच वापरतात. पण तुमचा अनुभव दोन बारांचा. बोल्ट असला की एक बार झाल्यावर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो, आणि त्या दीड सेकंदात माणूस विचार करतो. मला तुम्ही तो विचार करायला हवा आहे.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी बघा, त्या कुणी सांगणार नाही. एक, दस्त्याची लांबी. कारखान्यातून येणारे दस्ते बहुधा साडेतेरा इंचांच्या पुढे असतात. पाच फूट पाच इंचांच्या आपल्यासारख्या माणसाला ते लांब पडतात. मग मान ताणून दुर्बिणीत बघावं लागतं आणि कडेला काळी चंद्रकोर दिसते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल, उजळ चित्र दिसलं तर माप बरोबर. नाही दिसलं तर ‘कॉम्पॅक्ट’ किंवा ‘यूथ’ दस्ता मागा. नावाची लाज बाळगू नका. रुगर अमेरिकनचा कॉम्पॅक्ट दस्ता साडेबारा इंचांचा आहे आणि तो माझ्या बायकोलाच नव्हे, मलाही बसतो. हॉवाची मिनी अ‍ॅक्शनही हलकी आणि आटोपशीर. टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो, पण पैसेही तसेच मोजावे लागतात.

दोन, नळीवर कोरलेलं वाचा. तिथे ‘.२२३ रेम’ असेल तर ५.५६ नाटोची लष्करी काडतुसं त्यात घालायची नाहीत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण ५.५६ चा दाब जास्त असू शकतो. उलटं चालतं. आणि नळीतला पीळ, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा, १२ इंचांत एक फेरा असेल तर ५५ ग्रेनच्या पुढे जाऊ नका. ८ किंवा ९ इंचांचा असेल तर जडही चालतील. तुम्हाला ५५ च पुरे.

जास्त पैसे दुर्बिणीच्या कड्यांवर, काडतुसांवर आणि कानांच्या मफवर घाला. १०० यार्डांवर नेम जुळवा. बहुतेक दुर्बिणींत एक टिकटिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. गोळी दोन इंच डावीकडे पडत असेल तर आठ टिकटिका उजवीकडे. ते झालं की टेबल सोडा आणि जसे प्रत्यक्षात बसणार तसे बसून मारा: मांडी घालून, कोपर गुडघ्यांवर, किंवा दोन काठ्यांच्या टेकूवर. कागदी प्लेटवर पुरीएवढं वर्तुळ काढा. दहापैकी नऊ गोळ्या ज्या अंतरावरून त्यात पडतात, ती तुमची हद्द. माझी आजही १५० यार्ड आहे. वारा असेल तर त्याहून कमी.

पण दुकानात जायच्या आधी एक काम करा. येत्या शनिवारी रंगीत फिती घेऊन जमिनीवर फिरा. वाड्याभोवती अशा जागा शोधा की तिथून बघताना कायोट यायच्या वाटेमागे मातीचा चढ असेल. आभाळ, रस्ता, घर किंवा नुसती झाडी मागे असलेली जागा बाद. मी हे उशिरा शिकलो. नोव्हेंबरची पहाट होती, गवतावर दहिवर गोठलेलं. ८५ यार्डांवर पाण्याच्या टाकीपाशी कायोट आडवा उभा राहिला. दुर्बिणीत त्याच्या तोंडाची वाफ दिसत होती, कानाच्या कडेला चावल्याची जुनी खाच दिसत होती. बोट चापाकडे सरकलं आणि त्याच्या पाठीच्या वर काहीतरी चमकलं. पलीकडच्या गोठ्याचा पत्रा. सूर्य उगवला नसता तर दिसला नसता. मी बोट काढून घेतलं. तो पाणी प्याला, माझ्या दिशेला वास घेतला आणि चालायला लागला. पळालासुद्धा नाही. त्या सकाळनंतर माझ्या जमिनीवर बार टाकायच्या चार जागा ठरलेल्या आहेत, खुंट्या मारून. तुमच्याही तीन-चारच निघतील, आणि अंतरं ६० ते १२० यार्डांच्या आत येतील बघा. एखादी वाड्यापासून ३५ यार्डांवर निघाली तर तिथे तुमच्या वडिलांची आठवण काढा: तेवढ्या अंतरावर बारा बोअर आणि मोठे छर्रे कुठल्याही रायफलीइतकेच कामाचे, आणि छर्रे फार लांबही जात नाहीत.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. तुमच्या सहाही करडांचा खुनी कायोट नाही.

गळ्याला, जबड्याच्या खाली चावा, ही कायोटची सही. ते तिघं त्याच्या खाती टाका. पण डोळे आणि जीभ गेलेली दोन करडं काळ्या गिधाडांची असण्याची शक्यता दाट आहे. ही गिधाडं नुकत्याच जन्मलेल्या पिल्लावर, कधी कधी विणाऱ्या शेळीवरही तुटून पडतात. लाल डोक्याचं ते टर्की गिधाड, ते बहुतेक मेलेलंच खातं. करड्या-काळ्या डोक्याचं हे दुसरं. पुढच्या वेळी मेलेल्या करडाची कातडी जखमेपाशी थोडी सोलून बघा. खाली रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी हल्ला झाला; नसेल तर आधीच मेलेलं होतं आणि नंतर कुणीतरी जेवून गेलं. आणि गिधाडावर रायफल उचलू नका. १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने ती संरक्षित आहेत, मारायला केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो. (आपल्याकडे गिधाड दिसलं तर माणसं फोटो काढायला धावतात, आणि इथे आपण त्यांच्यावर वैतागतो. असो.) विणायला आलेल्या शेळ्या आत घ्या आणि करडं आठवडाभर छपराखाली ठेवा, अर्धं नुकसान तिथेच थांबेल.

‘वीसेक असतील’ हेही सोडा. कोल्हेकुई ऐकून डोकी मोजू नयेत. दोन कायोट ओरडायला लागले की आवाज असे वर-खाली फिरवतात की टोळी वाटते. तुमच्याकडे बहुधा एक जोडी आहे, आणि शेळ्या-मेंढ्या मारण्यात अशा पिल्लंवाल्या जोड्याच पुढे असतात. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडीचा काळ, एप्रिल-मेमध्ये पिल्लं, मग घरी खाणारी पाच-सहा तोंडं. म्हणून दिसेल त्याला गोळी घालून फार हाती लागत नाही. शेळ्यांकडे न बघणारी जोडी मारली तर तिच्या जागी शेळ्या खाणारी येऊन बसू शकते. जो वाड्याशी येतो, तोच तुमचा.

आणि तो तुम्ही असताना येईलच असं नाही. तुम्ही शनिवारी येता, तो मंगळवारी येतो. मंगळवारी पहाटे तुमची रायफल ऑस्टिनमध्ये तिजोरीत असणार. त्यामुळे रायफलीच्या आधी किंवा निदान सोबत राखणीचं कुत्रं घ्या. फलटणकडच्या माणसाला धनगराचं कुत्रं काय करतं हे मी सांगायला नको. इथे ते काम ग्रेट पिरेनीज किंवा अनातोलियन करतात. पिल्लू शेळ्यांतच वाढलं पाहिजे, घरात सोफ्यावर नाही. मुलीला हे आधी समजावून सांगा; आमच्याकडे त्यावरून रडारड झाली होती. कुत्रं आल्यावर अंधारात हलणाऱ्या प्रत्येक चार पायांवर नेम धरायची सोय संपते, हेही लक्षात ठेवा. रात्रीची उष्णता दाखवणारी दुर्बीण हल्ली सगळे घेतात, पण तिच्यात कुत्रं आणि कायोट दोन्ही पांढरे ठिपकेच दिसतात. पहिलं वर्ष तरी उजेडातच मारा.

कागदपत्रं. टेक्ससमध्ये कायोटला शिकारबंदीचा हंगाम नाही, आणि जनावरांवर हल्ला करणारा, नुकताच केलेला किंवा करायच्या बेतातला कायोट मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. तरी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी तो तसाही लागतो, आणि कुंपण बंदुकीसकट कसं ओलांडायचं हे तिथे शिकवतात. ग्रीन कार्डवर रायफल घेता येते. दुकानात बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरायचा, त्यात एकही उत्तर अंदाजाने लिहायचं नाही.

मेहुण्याचं मात्र जपून. एच-१बी हा तात्पुरता व्हिसा. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. ‘जरा धर रे’ म्हणून हातात देणंसुद्धा यात येऊ शकतं. त्याने आधी कोर्स करून लायसन्स काढावं, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावं, लायसन्सची मुदत संपू देऊ नये, आणि शिकारीला जाताना ते खिशात ठेवावं. तोवर त्याला दुर्बीण द्या, नुसती बघायची. त्याच्यासाठी म्हणून तुमच्या नावावर दुसरी रायफल घेण्याचा विचार तर स्वप्नातही नको. तो वेगळा आणि मोठा गुन्हा आहे.

मुलगी ९ वर्षांची, म्हणून तिजोरी रायफलीच्या आधी घरात आली पाहिजे. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर तो इथे ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. किल्ली ‘वरच्या कप्प्यात’ ठेवायची नाही. मुलांना वरचा कप्पा माहीत असतो. माझ्या मुलाला लाडवांचा डबा कुठे असतो ते कायम कळायचं.

आणि पहिला कायोट पडला की लगेच जवळ जाऊ नका. पाच मिनिटं थांबा, दुर्बिणीतून श्वास बघा, मग लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. डोळा मिटला नाही तर मेला. उघड्या हाताने उचलू नका. खरूज, पिसवा, पोटातले जंत, सगळं त्याच्यासोबत येतं. रेबीजचं म्हणाल तर टेक्सस १९९५ पासून दक्षिणेत विमानातून लशीची आमिषं टाकतंय आणि कायोटांमधला कुत्र्याचा रेबीज त्यामुळे संपला, पण वटवाघूळ आणि स्कंकचा अजून आहे. रबरी हातमोजे गाडीत ठेवा, दोन जोड. एक जोड मेहुण्यासाठी.